साखर बरोबर येते, मग इन्सुलिन बंद करायचे का?

टाईप १ मधुमेहाचे निदान होऊन दीड-दोन महिने झाले की अनेक कुटुंबे हाच प्रश्न घेऊन येतात. यवतमाळ जिल्ह्यातील एका कापूस उत्पादक कुटुंबाचा अनुभव, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे देत आहे.

नऊ वर्षांच्या मुलीला सतत तहान, रात्री वारंवार लघवी, झपाट्याने घटलेले वजन आणि शेवटी उलट्या, अशा अवस्थेत रुग्णालयात दाखल करावे लागले होते. इन्सुलिन सुरू झाल्यावर ती शाळेत जाऊ लागली आणि काही आठवड्यांत साखर इतकी उतरू लागली की डॉक्टरांनी मात्रा जवळपास निम्म्यावर आणली. त्याच सुमारास आजोबांनी एका वैदूकडून चूर्ण आणले. भेटीत ते म्हणाले, "मॅडम, चूर्णानं गुण येऊन रायला. मंग पोरीले रोज चार-चार सुया काऊन टोचाच्या?" सुई बंद करू न देणारी आई मात्र घरात एकटी पडली होती.

नातीचे दुखणे पाहवत नसल्यामुळेच आजोबा चूर्णाकडे वळले होते, आणि त्यांना चारचौघांत खोटे पाडले असते तर घरी गेल्यावर सुईच बंद होण्याचा धोका होता. म्हणून मी साखरेच्या नोंदींची वही त्यांच्याच हाती दिली आणि तारखा वाचायला सांगितल्या. मात्रा पहिल्यांदा कमी झाली होती पोळ्याच्या आधी. चूर्ण आले पोळा झाल्यावर. त्यांनी पान मागे उलटून तारीख पुन्हा पाहिली आणि गप्प झाले.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते; गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही. निदानाच्या वेळी थोड्या पेशी शिल्लक असतात आणि बाहेरून इन्सुलिन मिळाल्यावर त्या काही काळ पुन्हा काम करू लागतात. डॉक्टर याला 'हनिमून' काळ म्हणतात. तो सर्वच मुलांत दिसत नाही, दिसला तरी बहुधा काही आठवडे ते काही महिने टिकतो, आणि त्यानंतर मात्रा पुन्हा वाढवावी लागते. हे मी मुद्दाम आजोबांसमोरच सांगितले, कारण तसे न केल्यास साखर वाढताच दोष आईच्या स्वयंपाकाला किंवा चूर्ण बंद केल्याला दिला जातो.

"मंग पयले लोक काय करत?" असे त्यांनी विचारले. इन्सुलिन रुग्णाला पहिल्यांदा टोचले गेले ते 1922 मध्ये, टोरंटोतील एका 14 वर्षांच्या मुलाला. त्याआधी ही मुले बहुधा वर्ष-दोन वर्षांपलीकडे जगत नसत, हे मला त्यांना स्पष्टपणे सांगावे लागले.

चूर्णाची पुडी त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवण्याचे कबूल केले, कारण अशा काही चूर्णांत साखर उतरवणाऱ्या गोळ्यांची भेसळ आढळलेली आहे आणि इन्सुलिनसोबत ती घेतल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मात्रा फक्त डॉक्टरांना विचारून बदलायची, हेही ठरले. मूल जेवले नाही किंवा तापाने फणफणले म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नसते. अशा वेळी साखर अधिक वेळा तपासून डॉक्टरांना फोन करायचा. उलट्या, पोटदुखी, खोल व जोरजोराचा श्वास किंवा श्वासाला फळासारखा वास जाणवला, तर पित्त समजून सकाळची वाट न पाहता मुलीला त्याच रात्री रुग्णालयात न्यायचे.