पुरणपोळी पुन्हा कधी?

प्रश्न : माझे वय ४३ वर्षे आहे. गेली सात वर्षे जेवणानंतर पोट फुगणे, मुरडा येणे, कधी जुलाब तर कधी चार-चार दिवस बद्धकोष्ठता असा त्रास होता. एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी आणि रक्ताच्या तपासण्या निर्दोष आल्यावर डॉक्टरांनी आयबीएसचे (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्यात दोष न दिसताही पोट वारंवार बिघडण्याचा विकार) निदान केले. आहारतज्ज्ञांच्या सांगण्यावरून कांदा, लसूण, गहू, दूध आणि डाळी बंद केल्या, तेव्हा तीन आठवड्यांत पोट शांत झाले. त्याला आता आठ महिने झाले; मी अजून भात, ज्वारीची भाकरी आणि दोडका-पडवळ यांवरच आहे. वजन चार किलो उतरले आहे. लग्नकार्यातही डबा घेऊन जाते. होळीला दहा आठवडे उरले आहेत. पुरणपोळी मला पुन्हा खाता येईल, की हे पथ्य आता जन्माचे? – एक वाचक, सातारा

उत्तर : पथ्य जन्माचे नाही, ते सहा महिन्यांपूर्वीच सैल व्हायला हवे होते. तुम्हाला दिलेला आहार मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेल्या पद्धतीचा दिसतो. त्यात सर्व संशयित पदार्थ बंद ठेवण्याचा टप्पा फक्त दोन ते सहा आठवड्यांचा असतो आणि त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून नेमके काय सोसत नाही ते शोधायचे असते. हा दुसरा टप्पा सांगायचा राहून जातो, किंवा मिळालेला आराम जाईल या धास्तीने रुग्णच तो टाळतो.

ही धास्ती समजण्यासारखी आहे, पण दुखले म्हणजे आतड्याला इजा झाली, या ज्या समजुतीवर ती उभी आहे ती चुकीची आहे. कांदा, गहू आणि डाळींतील काही शर्करा लहान आतड्यात शोषल्या जात नाहीत; त्या पुढे मोठ्या आतड्यात जातात, तेथील जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. हे प्रत्येकाच्या पोटात घडते. आयबीएसमध्ये आतड्याच्या मज्जातंतूंना तोच ताण अधिक तीव्र जाणवतो, म्हणजे दुखले तरी आतड्याला इजा झालेली नसते. उलट याच शर्करांवर पोसले जाणारे काही उपयुक्त जिवाणू दीर्घकाळच्या पथ्याने कमी होतात, आणि ‘आता दुखणार’ या अपेक्षेनेही आतडे अधिक हळवे होते.

पुरणपोळीवरून आरंभ मात्र करू नका, कारण तिच्यात गहू आणि हरभऱ्याची डाळ हे दोन संशयित एकत्र असतात आणि वर दूध घेतले तर तिसरा. पोट बिघडले तर दोष कोणाचा, हे कळणारच नाही. पहिल्या आठवड्यात फक्त गहू घ्या : एक दिवस अर्धी पोळी, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन, मग तीन दिवस नेहमीचा आहार, आणि वहीत नोंद. किंचित पोट फुगले तर तो पदार्थ बाद न ठरवता त्याचे प्रमाण ठरवा. पुढचा आठवडा दुधाचा. पेलाभर दुधात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली शर्करा असते, आपल्या कपभर चहात त्याचा लहानसा अंश. त्यामुळे दूध न सोसणाऱ्या बहुतेकांना चहा सोसतो.

लसणीच्या बाबतीत स्वयंपाकघरातच एक सोय आहे. तिच्यातील त्रासदायक शर्करा पाण्यात विरघळते, तेलात नाही. अख्ख्या पाकळ्या तेलात तळून काढून टाकल्या आणि त्या तेलाची फोडणी दिली, तर स्वाद उतरतो आणि त्रास टळतो. आमटीत उकळलेली पाकळी नंतर उचलून मात्र उपयोग नाही. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग वापरा. हिंग चालेल.

आता पुरण. डाळीतील शर्कराही पाण्यात विरघळणारी असल्याने डाळ रात्रभर भिजवून ते पाणी फेकले आणि शिजल्यावर कट नीट निथळू दिला, तर तिचा बराच भाग पाण्याबरोबर निघून जातो. आपल्या आज्यांनी हे पुरण घट्ट व्हावे म्हणून केले, पण तुमच्या ते पथ्यावर पडणारे आहे. सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन चमचे नुसते पुरण खाऊन पाहा, पुढे प्रमाण वाढवा. गहू आणि पुरण वेगवेगळे सोसले, की होळीला अर्धी पोळी बेताच्या तुपाबरोबर आणि सावकाश खा. भरपेट, तुपकट जेवणाने आतड्याची हालचाल एकदम वाढते, म्हणून त्या दिवशी बाकीचे ताट हलके असू द्या.

उतरलेल्या वजनाविषयी डॉक्टरांना आधी कळवा. ते बहुधा अपुऱ्या आहारामुळे असेल, परंतु आहार वाढवूनही वजन घटत राहिले, शौचातून रक्त गेले, ताप येऊ लागला, रक्तक्षय निघाला किंवा पोटदुखीने रात्री झोपमोड होऊ लागली, तर पथ्याचे प्रयोग थांबवून पुन्हा तपासणी करून घ्यावी; आतड्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो. हे प्रयोगही शक्य तर त्याच आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करा.

लग्नाला डबा सध्या नेत राहा, पण तो पंगतीत बसून खा आणि ताटात भाताबरोबर त्या आठवड्याचा एक पदार्थ वाढून घ्या. कटाची आमटी मात्र या होळीला इतरांसाठी ठेवा, कारण डाळीतून निथळलेले सगळे तिच्यातच उतरलेले असते.