वाचकांचे प्रश्न : होल्यांसाठी घरगुती आडोसा

प्रश्न : अमेरिकेतील माझा मावसभाऊ सप्टेंबरमध्ये होल्यांच्या शिकारीला जाताना लपण्याचा आडोसा आणि बनावट पक्षी घरीच तयार करतो. पेडण्यातील आमच्या शेतात तसे करता येईल का? – एक वाचक, पेडणे

उत्तर : तेथे परवाना घेऊन ठरावीक हंगामात ही शिकार करता येते, आपल्याकडे मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार होल्याची शिकार हा गुन्हा असून, फासे लावणे किंवा शिकारीसाठी आमिष दाखवणेही त्यातच मोडते. म्हणून बनावट पक्ष्यांचा विचार सोडावा. आडोसा मात्र छायाचित्रणासाठी अवश्य करावा, कारण कापणीनंतर सांडलेले भात टिपायला येणारा ठिपकेदार होला जवळून पाहण्यासारखे सुख नाही, असे मला मनापासून वाटते. बांबूच्या चार काठ्यांना जुने गोणपाट बांधून त्यावर माडाची चुडते तिरपी टाकावीत, पुढे कॅमेऱ्यापुरतीच फट ठेवावी आणि बसायला रंगाची रिकामी बादली पालथी घालावी. होला रंगापेक्षा हालचालीला अधिक बिचकतो. त्यामुळे गोणपाट वाऱ्याने फडफडू नये इतके ताणून बांधावे, सूर्य पाठीशी ठेवावा आणि उजाडण्यापूर्वीच आत जाऊन बसावे. घरट्याजवळ आडोसा कधीही उभारू नये.