५७ किलोच्या हट्टापायी पोराचं पाणी तोडू नका

(बेळगाव तालुक्यातल्या एका वडिलांनी लिहिलंय : मुलगा लहानपणापासून तालमीत आहे. सेकंड पीयूसी (बारावी) सायन्सला ६८ टक्के पडलेत. वजन ६२ किलो, पण ५७ च्या गटात पोरं कमी असतात, म्हणून वस्ताद आणि मी त्याला तिथं उतरवतो. एकदा निवड झाली की स्पोर्ट्स कोट्यातून सैन्यात जाईल. वजनासाठी दोन दिवस पाणी तोडतो, दोन स्वेटर घालून पळतो, तेवढं सगळेच करतात. गेल्या वेळी वजनात बसला, पण पहिल्याच कुस्तीत पडला. आता म्हणतो, व्यायामावर आणि शरीरावर संशोधन करायचंय. हा हरल्यावरचा बहाणा नाही का? वहीत कसले आकडे लिहीत बसतो त्याचं एक पान पाठवतोय, बघा आणि त्याला चार शब्द सांगा.)

नमस्कार,

चार शब्द सांगते, पण आधी तुम्हाला. करिअरचं त्यानंतर.

‘दोन दिवस पाणी तोडतो’ या ओळीवर मी थांबले आहे. टक्क्यांचा आकडा तुम्ही ठळक लिहिलात आणि हे मात्र जाता जाता. ६२ चे ५७ म्हणजे पाच किलो, अंगाच्या वजनाचा आठ टक्के भाग. दोन दिवसांत पाच किलो चरबी कुणाचीच झडत नाही. जातं ते मुख्यतः पाणी. रक्तातलं पाणी घटतं, हृदयाला जोरात पळावं लागतं, घाम आटतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडायचा रस्ताच बंद होतो. अशा अंगावर तुम्ही दोन स्वेटर चढवता.

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजात शिकणारे तीन पैलवान लागोपाठ मेले. तिघंही वजनात बसण्यासाठी पाणी कमी करून, गरम जागेत घाम काढत मेहनत करत होते. तिघंही आधी धडधाकट होते. त्यानंतर तिथले नियम बदलले. घामासाठी रबरी सूट आणि सॉना (तापवलेली खोली) बंद झाले. हंगामाच्या सुरुवातीला लघवी तपासून अंगात पाणी पुरेसं आहे ना ते बघतात, मग चरबी मोजतात आणि या पैलवानानं कितीच्या खाली जायचं नाही ते ठरवून टाकतात. आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन उतरवायला मनाई आहे. त्या हिशेबानं तुमच्या मुलाला पाच किलोसाठी साडेपाच आठवडे लागतील, तेही त्याच्या अंगावर उतरवण्याजोगी चरबी असेल तर. रोज तालमीत घुमणाऱ्या पोराच्या अंगावर ती कितीशी असणार?

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला पैलवान विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीच्या सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली, हे तुम्हीही बघितलं असेल. तिच्यासोबत रात्रभर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ जागे होते. तुमचा मुलगा स्वेटर घालून पळतो तेव्हा त्याच्यासोबत कोण असतं?

‘तेवढं सगळेच करतात’ असं तुम्ही लिहिता. तुम्ही स्वतः जत्रेच्या मैदानात उतरला असाल तर आठवून बघा. मातीत वस्ताद नजरेनं जोड लावत, काटा मध्ये नसे. तालमीची परंपरा खुराकाची आहे : दूध, बदाम, थंडाई. पैलवानाला तहानेलं ठेवणं ही आपल्या तालमीची रीत कधीच नव्हती, ती मॅटच्या वजनगटांबरोबर आली. तेव्हा परंपरा म्हणून तिचा मान राखायचं काही कारण नाही. आणि वस्ताद व वडील दोघं एका बाजूला उभे राहिले की पोरगा ‘नको’ म्हणू शकत नाही. त्यानं ते वेगळ्या शब्दांत म्हटलंय, ‘संशोधन करायचंय’. तुम्हाला तो बहाणा वाटला.

स्पष्टच बोलते. तुम्हाला हवी आहे पोराची कायमची नोकरी, आणि त्यात वावगं काहीच नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर ज्या गावात आहे, तिथल्या बापाला सैन्याचं स्वप्न पडणारच. पण स्पोर्ट्स कोट्याला वरच्या पातळीवरची कामगिरी लागते. कमी पोरांच्या गटातून एखादी निवड काढली म्हणजे ती झाली असं नाही. आणि आटलेल्या अंगानं वरच्या पातळीवर जिंकता येत नाही. मॅटच्या स्पर्धेत हल्ली वजन त्याच दिवशी सकाळी होतं, मग थोड्या वेळात कुस्ती. दोन दिवसांत गेलेलं पाणी आणि स्नायूंत साठवलेली साखर तेवढ्या वेळात भरून येत नाही. पहिल्या कुस्तीत पडला याचा दोष मी तरी त्याच्या जिगरीला देणार नाही.

आता ते पान. तक्रार म्हणून पाठवलंत, मी ते तीनदा वाचलं. पेन्सिलीनं आखलेले पाच रकाने आहेत : मेहनतीआधीचं वजन, नंतरचं वजन, मध्ये किती तांबे पाणी प्यायलं, लघवीचा रंग, आणि त्या दिवशी न थांबता किती जोर निघाले. सात पोरांचे आकडे आहेत. एका ओळीवर काट मारून शेजारी लिहिलंय, ‘काटा हलला होता, धरू नये’. या काट मारलेल्या ओळीवरून मी सांगते की या मुलाची वृत्ती संशोधकाची आहे. कुणी शिकवलं नसताना चुकीचं माप बाजूला काढायचं त्याला सुचलं, आणि ते न खोडता कारणासकट ठेवायचंही सुचलं. पदवी घेतलेल्यांनाही हे सांगावं लागतं.

तुमच्या पत्रात एक समज आहे, तो आपल्याकडे घरोघरी आहे : खेळाचं शिक्षण म्हणजे पीटी मास्तरची पदवी, आणि ज्याला मैदानात जमलं नाही त्यानं ती घ्यायची. पीटी शिक्षकाचं काम मोलाचं आहे, पण हा मुलगा विचारतोय ते वेगळं. स्नायू काम करताना उष्णता कशी तयार होते यावर काम करणाऱ्या ए. व्ही. हिल यांना १९२२ चं नोबेल मिळालं. पुढं त्यांनी धावणाऱ्या माणसाला किती ऑक्सिजन लागतो ते मोजलं. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास छापला. दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध आज आपण गृहीत धरतो, त्याचा एक मोठा पाया या कंडक्टरांच्या नोंदी आहेत. त्यात पदक कुणाचंच नव्हतं. या विद्येचं बरंचसं काम पदकवाल्यांबद्दल नाहीच, साध्या माणसाच्या अंगाबद्दल आहे. २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा अंदाज आहे. आणि उलट बाजूचा प्रश्न आपल्या दारातच आहे. वडगाव-खासबागचा विणकर दिवसभर मागावर उभा असतो, निपाणीच्या तंबाखूत राबणारी बाई संध्याकाळपर्यंत वाकलेली असते. ‘आम्हाला कशाला वेगळा व्यायाम?’ असं ते म्हणतात. डेन्मार्कमधल्या संशोधकांचं म्हणणं असं की पोटासाठीचे कष्ट आणि आपल्या मर्जीनं केलेला व्यायाम यांचा हृदयावर सारखा परिणाम होत नाही. कष्टात तासन् तास विसावा नसतो, रक्तदाब चढलेला राहतो. यावर अजून वाद चालू आहे. आपल्या मागावरच्या माणसांची मापं घेऊन त्या वादात कुणी उतरायला नको का? मला तरी वाटतं, ते काम त्यांची भाषा बोलणाऱ्या पोरानं करावं.

रस्ते थोडक्यात सांगते. नीट आणि केसीईटी या प्रवेशपरीक्षा तुम्हाला माहीत आहेतच. माझा कल फिजिओथेरपीकडे आहे : बीपीटी बेळगावातच होते, पुढं खेळाडूंच्या दुखापतींवर एमपीटी, मग पीएचडी. संशोधनात पैसा उशिरा येतो आणि जागा कमी असतात, हे झाकून ठेवत नाही. बीपीटी हातात असली तर तोवर घर चालतं. दुसरा रस्ता बीएस्सी करून शरीरक्रियाशास्त्र किंवा स्पोर्ट्स सायन्समध्ये एमएस्सी. त्यासाठी चेन्नईचं श्री रामचंद्र, मणिपाल आणि ग्वाल्हेरची एलएनआयपीई ही शारीरिक शिक्षणाची संस्था बघा. महाराष्ट्रातही बघणार असाल तर तिथल्या सीईटी सेलच्या (प्रवेशपरीक्षा घेणारं सरकारी कार्यालय) बऱ्याच प्रवेशांत सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद असते. गाव सीमाभागातलं असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन्ही दाखले आत्ताच काढून ठेवा. ऐनवेळी त्यासाठीच धावाधाव होते.

आता मुलाशी बोलते.

बाळा, तुझ्या वहीत तीन सुधारणा कर. वजन करताना घाम पुसून, ओले कपडे काढून काट्यावर उभं राहायचं, नाहीतर कपड्यातला घाम अंगाच्या वजनात मोजला जातो. वेळ लिही, कारण सकाळचं आणि संध्याकाळचं वजन एक नसतं. आणि मित्रांची नावं काढून तिथं नंबर घाल, प्रत्येकाला विचारून घे, जो नको म्हणेल त्याची ओळ बंद. माणसांवरच्या संशोधनात हा नियम सगळ्यात आधी येतो. वहीसाठी म्हणून कुणालाही तहानेलं ठेवायचं नाही, स्वतःलाही नाही. गणित सोडलं असशील तर संख्याशास्त्राची ओळख करून देणारं एखादं पुस्तक धर, त्याच्याशिवाय या रकान्यांतून काही निघणार नाही. पुस्तकं इंग्रजीत असतील. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या पोरांना पहिलं वर्ष जड जातं, त्याला घाबरू नकोस. कुस्ती सोडू नकोस. तालमीत जे अंगाला कळतं ते प्रयोगशाळेतल्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

आणि तुम्ही, या आठवड्यात वस्तादांना भेटा. मोठ्यांच्या फ्रीस्टाइलमध्ये ५७ नंतरचा गट ६१ चा असतो. तुमच्या स्पर्धेत तो असेल तर त्यात नाव घाला. एक किलो त्याला सव्वा-दीड आठवड्यात, पोटभर पाणी पिऊन उतरवता येईल. ६१ नसेल तर वरच्या गटात लढू दे. स्वेटर कपाटात ठेवा. यापुढे कधी मेहनत करताना त्याला चक्कर आली, तो असंबद्ध बोलू लागला, घाम यायचा थांबला किंवा दिवसभर लघवी झाली नाही, तर वजनाची वाट बघू नका : सावलीत आणून अंगावर गार पाणी ओता आणि लगेच दवाखान्यात न्या.

वहीचं पान परत पाठवते आहे. ते त्याच्या हातात द्या.