या कागदात भाजीच नाही

"मॅडम, दिवाळखोरी जाहीर केली की सगळं एकदम सुटतं ना?"

खुर्चीत नीट टेकायच्या आत त्यांनी विचारलं. हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, आणि विचारणारा बहुधा रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर व्हिडिओ बघून आलेला असतो. बँकेच्या कर्जविभागात सव्वीस वर्षं काढली. आता शनिवारी सकाळी नाशिकला घराच्या पुढच्या खोलीत बसते आणि कर्जात अडकलेल्यांचे हिशेब बघते. (या जोडप्याची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ते सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्या घरून जेवणाचे डबे देतात. सिडकोत भाड्याचं घर, मुलगा आठवीत, सोबत आई. आईच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी पर्सनल लोन काढलं, त्याच वर्षी कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला. मग लोनचा हप्ता भरायला कार्ड, कार्डाचं बिल भरायला फायनान्स कंपनी, आणि तिचा हप्ता चुकू नये म्हणून मोबाईलवरची ॲपं. ही साखळी मला आता पाठ आहे, फक्त आजार आणि कंपनी बदलते.

देणं असं होतं: बँकेचं ४ लाख १० हजार, फायनान्स कंपनीचं १ लाख ६५ हजार, दोन कार्डांचे मिळून २ लाख ८० हजार, तीन ॲपांचे ६२ हजार, सोनं तारण ठेवून घेतलेले १ लाख २० हजार आणि साडूंकडून हातउसने दीड लाख. बेरीज ११ लाख ८७ हजार. हप्ते, कार्डांचं मिनिमम ड्यू आणि सोन्यावरचं व्याज धरून महिन्याला ४४,६०० जायला हवे होते. दोघांची मिळकत ५०,५००. म्हणजे चार माणसांनी ५,९०० रुपयांत महिना काढायचा. तो निघत नव्हताच; कार्डावर निघत होता, महिना साडेतीन टक्के व्याजाने.

व्हिडिओत त्यांनी ऐकलं होतं की २०१६ चा नवा कायदा आहे, अर्ज केला की सहा महिन्यांत कर्ज माफ. कायदा आहे हे खरं. त्यातली ती सुटकेची तरतूद मात्र वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळकत, २० हजारांपर्यंत मालमत्ता आणि ३५ हजारांपर्यंत कर्ज असणाऱ्यासाठी लिहिलेली आहे, आणि तुमच्या-माझ्यासारख्या साध्या कर्जदाराला तो भाग अजून लागूच झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना त्यातली व्यक्तींच्या दिवाळखोरीची बाकीची कलमं १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहेत, तेवढंच; ही सुटकेची तरतूद त्यांनाही नाही. बाकीच्यांसाठी मुंबईत १९०९ चा आणि नाशिकसारख्या ठिकाणी १९२० चा नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचाच, जुना कायदा चालतो. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. किमान देणं किती हवं? पाचशे रुपये. १९२० साली पाचशेला वजन होतं.

"मग करू या ना अर्ज," ते म्हणाले. "घरखर्चाचा कागदही आणलाय. वकिलांनी सांगितलं होतं."

कागद सुबक होता. पट्टीने रेघा मारलेल्या. भाडं ८,५००, किराणा ६,०००, दूध १,५००, वीज ९००, गॅस ९५०, शाळा २,०००, पेट्रोल १,५००, मोबाईल ७००, इतर १,०००. एकूण २३,०५०. मी दोनदा वाचला आणि वहिनींकडे बघून विचारलं, "या कागदात भाजीच नाही. भाजी खात नाही का तुम्ही?"

त्या पहिल्यांदाच हसल्या. भाजी त्या डब्याच्या पैशातून आणतात, त्यामुळे यांच्या हिशेबात ती कधी आलीच नव्हती. सासूबाईंची औषधंही नव्हती. जूनची फी, गणपती, गाडीचा विमा, काहीच नाही.

माझ्याकडे येणारे जवळजवळ सगळेच असा कागद आणतात. लोकांना वाटतं की न्यायालयासमोर किंवा बँकेसमोर जायचं तर आपण किती काटकसरीने राहतो ते दिसायला हवं. उधळे म्हणतील ही भीती. म्हणून खर्च कमी लिहितात. पण मिळकत ५०,५०० आणि खर्च २३,०५० लिहिलात, तर उरले २७,४५०. समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल, साहेब, यांचे दरमहा सत्तावीस हजार उरतात, हे नादार कसले? आणि बँकेकडे तडजोडीला गेलात, तर मॅनेजर म्हणेल, छान, पंचवीस हजारांचा हप्ता बांधून देतो. तुम्ही भिडेपोटी हो म्हणाल आणि तिसऱ्या महिन्यात तो मोडाल. कागदावर मीठ-भाकर खाऊन दाखवलं, तरी घरी भाजी आणावीच लागते.

मी दोघांना वेगवेगळ्या वह्या दिल्या. एकमेकांचं बघायचं नाही. सोबत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, यूपीआयची हिस्ट्री, शाळेच्या पावत्या आणि वाण्याची उधारीची वही आणायची. पुढच्या शनिवारी या.

वाण्याची वही हा माझ्या मते घरातला सर्वांत खरा दस्तऐवज. लाल कापडी पुठ्ठ्याची, रबर लावलेली, तेलाचे डाग पडलेली. सहा महिन्यांची सरासरी निघाली ११,३००, सहा हजार नव्हे. यजमान चकित झाले. "एवढं तेल? आपण चौघं तर आहोत."

तेल डब्यांचं होतं. सहा डबे, प्रत्येकी महिना २,४००, म्हणजे १४,४००. त्यातून भाजी आणि डबे पोहोचवणाऱ्या मुलाचे मिळून ५,४०० काढून वहिनी म्हणायच्या, नऊ हजार राहतात. पण कणीक, तांदूळ, तेल, मसाला घरच्याच डब्यांतून निघत होतं, आणि सिलेंडर अठरा दिवसांत संपत होता. आम्ही दोघी टेबलावर बसून एका डब्याचा हिशेब मांडला: चार पोळ्या, एक भाजी, वरण, भात. वहिनींनी पोळीची कणीक हाताच्या ओंजळीने दाखवली, मी ग्रॅम लिहिले. महिन्याला किराणा ३,८०० आणि गॅस ७०० डब्यांच्या नावावर गेले. नऊ हजारांचे उरले साडेचार. वहिनी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. पहाटे पाचला उठून साडेचार हजार.

मग यजमानांची वही. पेट्रोल २,४००. सर्वांत खाली, बारीक अक्षरात, "पान टपरी १,२००". मावा. मी काही बोलले नाही, वहिनींनीही नाही. बोलून चालत नाही. एकदा कुणी टोमणा मारला की पुढच्या वेळी तो खर्च वहीतून नाहीसा होतो, तोंडातून होत नाही.

आणि वहिनींच्या वहीत शेवटच्या पानावर: "गट १,४५०, पंधरा दिवसांनी." बायकांच्या गटातून त्यांनी कर्ज घेतलं होतं, त्याचे ३८ हजार बाकी होते, आणि नवऱ्याला माहीत नव्हतं. एका महिन्यात बँकेचा हप्ता बाउन्स व्हायला नको म्हणून घेतलं होतं. ते कळल्यावर यजमान उठून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. दहा मिनिटांनी आत आले आणि म्हणाले, "लिहा मॅडम." देण्याची बेरीज १२ लाख २५ हजार झाली.

वर्षातून एकदा येणारे खर्च बाराने भागून मांडले. फी, पुस्तकं, गणवेश मिळून ४२ हजार, म्हणजे महिना साडेतीन हजार. सण, आहेर, गावाला जाणं वर्षाचे ३० हजार, म्हणजे अडीच हजार. खरा घरखर्च ४२,३०० निघाला. खरी मिळकत ४६ हजार. उरतात ३,७००. त्यातून गटाचे २,९०० गेले की ८००.

सत्तावीस हजारांवरून आठशे. पण त्या दिवशी यजमान मला पहिल्यांदा जरा शांत वाटले. दोन वर्षं ते स्वतःला विचारत होते की पैसे जातात कुठे. आता माहीत झालं होतं.

वहिनींचा प्रश्न वेगळा होता. "घरातलं काय काय नेतील?" त्यांचा हात गळ्याकडे गेला होता. मी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० काढून वाचून दाखवलं. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नये असे दागिने, कारागिराची हत्यारं, प्रॉव्हिडंट फंड, यांवर जप्ती येत नाही. मंगळसूत्र राहतं. तारण ठेवलेल्या पाटल्यांना हे संरक्षण नाही; त्या सावकाराच्या तिजोरीत आहेत आणि त्यावर त्याचा हक्क आधी. पगारावर जप्ती येते ती निकाल लागल्यानंतर, आणि तेव्हाही पहिले हजार रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश हात लावण्याच्या पलीकडे. यांच्या ४१,५०० वर फार तर १३,५००. "म्हणजे आत्ता आपण भरतोय त्यापेक्षा कमीच," वहिनी पटकन म्हणाल्या. हिशेबात त्या यजमानांहून चलाख आहेत. तुरुंगाची भीतीही दोघांना होती. नुसतं कर्ज थकलं म्हणून फौजदारी होत नाही. मात्र चेक किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तर होऊ शकते. त्या नोटिशीला उत्तर द्यायचंच, ती कपाटात टाकायची नाही. आणि वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी, संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेने बंदी केली आहे, हे दोघांच्या मोबाईलवर लिहून दिलं.

आता मालमत्तेचा रकाना. अर्जात सगळ्या देणेकऱ्यांची, म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचे त्यांची, नावं-पत्ते आणि सगळ्या मालमत्तेची किंमत द्यावी लागते. "मोटरसायकल आणि टीव्ही," यजमान म्हणाले. मी विचारलं, गावाकडे काही? ते जरा थांबले. सिन्नर तालुक्यात वडिलांची जमीन, सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं, यांच्या वाट्याला १२ गुंठे. "पण ते मी अर्जाच्या आधी भावाला हक्कसोड करून देणार आहे. आणि फंडातून काढून साडूचे पैसेही आधी देऊन टाकतो. घरचा माणूस आहे."

दोन्ही गोष्टी त्यांनी मोठ्या भोळेपणाने सांगितल्या, आणि दोन्ही अंगाशी येणाऱ्या. अर्जाच्या आधी दोन वर्षांत मालमत्ता फुकट कुणाच्या नावे केली तर न्यायालय तो व्यवहार रद्द करू शकतं. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एका देणेकऱ्याला इतरांच्या पुढे नेऊन पैसे दिले, तर तेही उलटवता येतं. साडूंनाच पैसे परत करायला लावतील. लपवलं आणि उघडं पडलं, तर देण्यातून मुक्ततेचा आदेशच अडकतो. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते आणि मुक्तता मिळेपर्यंत ५० रुपयांची उधारीसुद्धा "मी नादार आहे" असं सांगितल्याशिवाय घेता येत नाही. वाण्याच्या वहीवर जगणाऱ्या घराला ते काय पडेल, ते मी वेगळं सांगितलं नाही.

ज्याच्याकडे खरोखर काही उरलेलं नाही, धंदा बुडालाय, नोकरी नाही, त्याला मी नादारीच्या अर्जापासून अडवत नाही. गेल्या वर्षी एका किराणा दुकानदाराला मीच वकिलाकडे पाठवलं. पण इथे पगार चालू होता आणि १२ गुंठे होते. खरी वही आणि खरा मालमत्तेचा रकाना शेजारी ठेवला, तेव्हा यजमानच म्हणाले, "हे तर विकून भागेल."

पुरतं भागलं नाही. भावाने वकिलामार्फत, गावातल्या चालू भावाने, सहा लाखांना हिस्सा घेतला. दोन्ही कार्डं मिळून १ लाख ४० हजारांत मिटली, फायनान्स कंपनी एक लाखात. पैसे भरण्याआधी तडजोडीचं पत्र हातात घेतलं. तोंडी सेटलमेंटवर मी एक रुपया भरू देत नाही. त्यांच्या सिबिलवर आता "सेटल्ड" हा डाग आहे, तो बरीच वर्षं राहील, नवं कर्ज सहजी मिळणार नाही. मला ते फारसं वाईट वाटत नाही. ॲपांचे ६२ हजार चुकते झाले, बँकेला अडीच लाख एकरकमी दिले, उरलेल्या १ लाख ६० हजारांना चार वर्षांचा ४,३०० च्या आसपास हप्ता बांधून घेतला. दोन पाटल्या विकून सोन्याचं कर्ज फिटलं, बाकीचे दागिने घरी आले. ४८ हजार जूनची फी आणि दवाखान्यासाठी वेगळ्या खात्यात.

हा हप्ता झेपतो तो वहीमुळे. डब्याचा दर २,७०० केला. सहापैकी एकानेही डबा बंद केला नाही. शेजारच्या सहकाऱ्याबरोबर एकाच गाडीवर कंपनीत जाणं, सणांचे हजार, मोबाईलचे चारशे, आणि टपरीचे सहाशे (पूर्ण बाराशे मी मागितलेच नव्हते). आठशेचे ५,३०० झाले.

साडू तेवढे राहिले. त्यांना जाऊन खरं सांगितलं: गटाचं कर्ज फिटलं की ते २,९०० दरमहा तुमच्याकडे वळतील. ते हो म्हणाले, पण चहा घेतला नाही.

परवा वहिनींचा फोन आला. साडूंच्या मुलीचं लग्न ठरलंय. "मॅडम, पाकिटात पाच हजार घालायचं म्हणतोय आम्ही. ते आहेराच्या रकान्यात लिहू की देण्याच्या?"

"देण्याच्या," मी म्हटलं. "आहेराच्या रकान्यात वेगळे शंभर लिहा."