उ: 'बॅक ऑफ फोर' म्हणजे मागचं दार नव्हे

'इंग्रजी येतं, तरी ग्लासगोतल्या लोकांचं बोलणं कळत नाही' ही तुमची पोस्ट वाचून हसू आलं, माफ करा. आयईएलटीएसला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेत, ८ बँड, आणि स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत शेजारच्या टेबलावरचा माणूस 'मेसेजेस' आणायला चाललो म्हणाला तर तुम्ही त्याच्या फोनकडे बघत बसलात! मेसेजेस म्हणजे वाणसामान, भाजीपाला. २००९ साली माझीही हीच गत होती.

तिथं मगवर, टॉवेलवर छापलेले स्कॉट्सचे (तिथल्या स्थानिक भाषेचे) शब्द पाठ करत बसू नका. ड्रीख (ओलं, करडं, उदास हवामान), ड्रूकिट (चिंब भिजलेला), स्कनर्ड (पार वैतागलेला) हे कळले नाहीत तर आपण विचारतो, प्रश्न मिटतो. फसवतात ते साधे इंग्रजी वाटणारे शब्द, कारण तिथं विचारावं असं डोक्यातच येत नाही.

माझं उदाहरण घ्या. भाड्याच्या घराची किल्ली घ्यायची होती. शुक्रवार. एजन्सीतल्या बाई फोनवर म्हणाल्या, किल्ली 'बॅक ऑफ फोर' मिळेल. त्यांचं ऑफिस रस्त्यावरच्या ४ नंबरच्या इमारतीत. मी अर्थ लावला, ४ नंबरच्या मागे. दोन बॅगा ओढत तीनला मागच्या गल्लीत पोचलो. कचऱ्याचे डबे, एक बंद दार आणि पाऊस. दार वाजवलं, फोन लावला, तो कायम एंगेज. वळसा घालून पुढच्या दाराशी जावं एवढं सुचू नये? नाही सुचलं. आपल्याकडे निम्मी कामं मागच्या दारानंच होतात ना! पावणेचारला, पूर्ण ड्रूकिट होऊन, यांनी आपल्याला टोपी घातली असं ठरवून निघून गेलो. 'बॅक ऑफ फोर' म्हणजे चार वाजून गेल्यावर थोड्याच वेळात. अर्धा तास थांबून पुढच्या दाराशी गेलो असतो तर काम झालं असतं.

तीन रात्री हॉटेलात गेल्या, स्वखर्चानं. सोमवारी गेलो तर बाईंनी तेच वाक्य पुन्हा ऐकवलं, फक्त आवाज चढवून. 'चार वाजून दहा मिनिटांनी' म्हणायला काय जात होतं? असो. इतकी वर्षं झाली तरी राग जात नाही.

तेव्हापासून कुणी वेळ सांगितली की मी आकड्यांत उलट विचारतो, 'फोर टेन?' लाज वाटत नाही.

आणखी दोन-तीन असेच. कामावर येणार नाही म्हणालात आणि कुणी 'हाऊ?' विचारलं, तर ते 'का?' असं असतं. कसं येणार नाही ते समजावत बसू नका. सहकाऱ्याचं बाळ रात्रभर 'ग्रीटिन' असेल तर ते रडत होतं. 'व्हेअर डू यू स्टे?' म्हणजे राहता कुठं. इथं मात्र आपलं देशी इंग्रजी कामाला येतं, लंडनवाला गोंधळेल. सरकारी पत्रात 'आउटविद' दिसलं तर 'विदाउट' वाचू नका. त्याचा अर्थ 'च्या बाहेर', आणि ते मुदतीबद्दलही असू शकतं.

मी भाषेचा अभ्यासक नाही, पाइपलाइनचं काम करणारा आहे, आणि माझा अनुभव ग्लासगोपुरता. ईशान्य स्कॉटलंडातल्या ॲबर्डीनला तेलकंपन्यांत असलेल्या मराठी मंडळींचं दुखणं वेगळं. तिथं 'व्हॉट'चं 'फिट' होतं आणि ख्यालीखुशाली विचारताना 'तुझी कबुतरं कशी आहेत?' म्हणतात. उत्तर 'आय पेकिन', दाणे टिपतायत. आमच्या मालवणी आजीला हे फार आवडलं असतं.

या बोलण्याला 'बिघडलेलं इंग्रजी' मात्र तिथं कुणासमोर म्हणू नका. २०२२च्या जनगणनेत १५ लाखांहून जास्त लोकांनी स्कॉट्स बोलता येतं असं नोंदवलंय. वऱ्हाडी किंवा अहिराणीला पुण्यात कुणी 'अशुद्ध' म्हटलं की कसं लागतं, तसंच. आणि पहिल्या वर्षात आपण 'वी' (छोटं) आणि 'आय' (हो) लावून बोलायला जाऊ नये, नक्कल केल्यासारखं वाटतं. हे माझं मत. बायकोचं उलट आहे, आणि तिची तिथं माझ्यापेक्षा जास्त ओळख आहे.

हो, मुलांच्या पार्टीत कुणी 'जूस' देऊ का विचारलं तर ते बहुधा कोल्ड्रिंक असतं. संत्र्याचा रस हवा असेल तर 'फ्रेश ऑरेंज' म्हणा.