ओबा ओझोलुआच्या दोन मुलांमध्ये गादीसाठी युद्ध का झाले आणि राणी इडियाचा त्यात काय वाटा होता?

ओझोलुआचे राज्य म्हणजे बेनिन, एडो लोकांचे राज्य. त्याची राजधानी बेनिन सिटी आज नायजेरियात आहे. शेजारच्या बेनिन नावाच्या देशाशी त्याची गल्लत करू नका.

ओझोलुआ हा पंधराव्या शतकाच्या अखेरीचा लढवय्या ओबा, म्हणजे राजा. एडो परंपरा सांगते की त्याच्या दोन राण्यांना एकाच दिवशी मुलगे झाले. अरुआनरन आधी जन्मला, पण रडला नाही. इडियाचा एसिगी नंतर जन्मला, पण जन्मताच रडला, म्हणून त्याच्या जन्माची वर्दी राजाकडे आधी पोहोचली आणि थोरलेपण त्याला मिळाले. मला ही कथा जिंकलेल्या बाजूने सांगितलेली वाटते. हक्क वादात असला की असा पुरावा हवाच असतो. तरी तिच्यातून एक गोष्ट नक्की कळते: त्या काळी थोरल्यालाच गादी, हा नियम पक्का झालेला नव्हता.

ओझोलुआनंतर, साधारण १५०४ च्या सुमारास, एसिगी गादीवर आला. अरुआनरनचे ठाणे होते राजधानीच्या वायव्येकडचे उडो. प्रचंड देहाचा योद्धा म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते. आपले उडोच राज्याची राजधानी व्हावे, ही त्याची ईर्षा. म्हणजे भांडण दोन भावांपुरते नव्हते, राज्य कुठून चालणार हाही प्रश्न होता. लढाईत अरुआनरन हरला आणि त्याने उडोच्या तळ्यात जीव दिला, असे परंपरा सांगते.

आता इडिया. खरे तर मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती हीच. मुलाच्या बाजूने तिने माणसे उभी केली, सल्ला दिला. औषधी आणि मंत्रविद्येचे तिचे ज्ञानही एडो लोक आवर्जून सांगतात. पुढे १५१५-१६ च्या सुमारास उत्तरेकडच्या इडाह राज्याशी युद्ध झाले, त्यातही ती मुलाच्या पाठीशी होती. नव्या ओबाच्या आईला जिवंत ठेवायचे नाही, अशी जुनी रीत होती म्हणतात. एसिगीने ती मोडली आणि आईसाठी इयोबा, म्हणजे राजमाता, हे पदच निर्माण केले. इयोबाला राजधानीबाहेर उसेलू येथे स्वतंत्र वाडा आणि स्वतःची माणसे मिळाली. राजमातेला दरबारात अधिकृत स्थान मिळाले ते असे, वारसाच्या भांडणातून.

तिचा म्हणून ओळखला जाणारा हस्तिदंती मुखवटा तुम्ही पाहिला असेल. असे दोन प्रसिद्ध मुखवटे ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. न्यूयॉर्कच्या मुखवट्याच्या माथ्यावर पोर्तुगीज दाढीवाल्यांचे चेहरे आणि चिखलातले मासे कोरलेले आहेत, कारण एसिगीच्या काळात पोर्तुगीज बेनिनमध्ये व्यापार करत होते. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने राजवाडा लुटला तेव्हा ते मुखवटे तिथून गेले. १९७७ मध्ये लागोसला भरलेल्या आफ्रिकी कला महोत्सवाने ब्रिटिश म्युझियममधल्या मुखवट्याचे चित्र आपले बोधचिन्ह केले.

एसिगी जिंकला म्हणून वाद मिटले नाहीत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दीर्घ यादवीनंतर थोरल्या मुलाचा हक्क मान्य झाला, तरी १८१६ च्या सुमारास ओगबेबो आणि ओसेम्वेंदे हे भाऊ पुन्हा गादीसाठी लढलेच. ओगबेबोने काही महिने राज्य केले. मग हरताना राजवाड्याला आग लावून गळफास घेतला आणि ओसेम्वेंदे ओबा झाला.