वाचकांचे प्रश्न : फिजिओथेरपीला का जावं, कोणी जावं?

बारावीचा निकाल आणि नीटचे गुण हातात आल्यापासून फिजिओथेरपीच्या पदवीबद्दल, म्हणजे बीपीटीबद्दल, बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरं देत आहोत.

नीटमध्ये एमबीबीएसला पुरतील एवढे गुण नाहीत. घरचे म्हणतात, बीपीटी घे, तेही मेडिकलच आहे. एवढं कारण पुरेसं आहे का? बाकीची मुलं हा कोर्स का घेतात?
— विद्यार्थिनी, विटा

एवढ्या कारणावर प्रवेश घेता येतो, पण पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर ते पुरत नाही. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री इथेही आहेच. प्रत्येक स्नायू कुठून निघतो, कुठे जोडला जातो, त्याला कोणती नस पुरवते आणि तो काय काम करतो, हे सगळं तोंडपाठ लागतं. ‘ते मिळालं नाही म्हणून हे’ असं म्हणत आलेली मुलं नेमकी इथे खचतात. पुन्हा नीट द्यायचीच असेल तर सरळ एक वर्ष त्यासाठी दे. बीपीटीच्या वर्गात बसून चोरून नीटचा अभ्यास करणाऱ्यांचं दोन्हीकडे नुकसान होतं.

ज्यांची निवड टिकते, त्यांच्यात बरेचदा एक गोष्ट असते: त्यांनी हे काम जवळून पाहिलेलं असतं. कोणाच्या आजोबांना लकवा झालेला असतो, कोणाचा स्वतःचा घोटा खेळताना मुरगळलेला असतो, कोणाच्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी असते. औषधाची चिठ्ठी मिळाल्यानंतरही माणूस चालायला लागायचा बाकी असतो आणि ते काम दुसरंच कोणीतरी करतं, हे त्यांनी बघितलेलं असतं. सरकारी ओपीडीत डॉक्टरच्या वाट्याला एका पेशंटमागे काही मिनिटं येतात. फिजिओ त्याच पेशंटजवळ अर्धा-पाऊण तास असतो आणि तोच पेशंट उद्या, परवा, पुढचे सहा आठवडे येत राहतो. असा सहवास ज्याला आवडतो, त्याचं या कामात मन रमतं. ज्याला निदान करून पुढच्या पेशंटकडे वळायचं असतं, त्याला हेच काम रटाळ वाटतं.

‘रात्रीची ड्युटी नसते’ हे कारणही ऐकू येतं. ओपीडीपुरतं ते बरंचसं खरं आहे, पण मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूत छातीतला कफ काढायला सुट्टीच्या दिवशीही जावं लागतं.

फॉर्म भरण्याआधी एक कर. जवळच्या सिव्हिल किंवा मोठ्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात परवानगी काढून तीन-चार सकाळी बस. मशीन लावून झोपलेल्या पेशंटकडे पाहून काही कळणार नाही. लकव्याच्या पेशंटला खुर्चीतून उठायला शिकवताना पाहा. तीच सूचना विसाव्यांदा द्यावी लागते, पेशंट रडतो, नातेवाईक मध्येच त्याचा हात ओढतात, आणि तासाभराच्या कष्टानंतर तो दोन सेकंद जास्त उभा राहतो. हे पाहून ‘आता उद्या किती वेळ उभा राहील?’ असं तुझ्या मनात आलं, तर नीटचे गुण विसरून खुशाल प्रवेश घे.

शेक, करंट आणि मालिश यासाठी एवढी वर्षं कशाला? मुलगी हट्ट धरून बसली आहे.
— एक पालक, परभणी

तुमच्या पाहण्यात शेक-करंटच आले असतील, कारण कित्येक ठिकाणी तेवढंच मिळतं. ती अपुरी फिजिओथेरपी आहे. मशीन दुखणं तात्पुरतं कमी करतं, जेणेकरून पेशंटला व्यायाम करता यावा. मशीन काढून पेशंटला घरी पाठवलं तर अर्धंच काम झालं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1952 साली या विषयाचं शिक्षण सुरू झालं ते पोलिओच्या साथीनंतर. तिथे पहिला प्रश्न होता, कोणत्या स्नायूत किती बळ उरलं आहे? ते मोजायची 0 ते 5 ही श्रेणी आजही सगळे विद्यार्थी शिकतात. स्नायू अजिबात आकुंचन पावत नसेल तर 0, बोटाखाली नुसती फुरफुर लागली तर 1, हाता-पायाचं वजन टेकवून आडवी हालचाल झाली तर 2, स्वतःच्या वजनाविरुद्ध हात-पाय उचलला तर 3, थोडा विरोध झेलला तर 4, पूर्ण विरोध झेलला तर 5. व्यायाम या आकड्यावर ठरतो. 2 वर असलेल्या पेशंटला वजन उचलायला लावलं तर तो शरीर वाकवून दुसऱ्याच स्नायूंनी काम भागवतो आणि दुबळा स्नायू दुबळाच राहतो.

गुडघ्याचा सांधा बदललेल्या पेशंटचं उदाहरण घ्या, असे पेशंट आता तालुक्याच्या गावीही दिसतात. ऑपरेशननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभं करायचं असतं. घोटा वर-खाली हलवायचा, म्हणजे पोटरीत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेवून ती खाली दाबायची, पाच मोजेपर्यंत धरायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. त्याने मांडीचा पुढचा स्नायू जागा होतो. आता चूक कुठे होते ते पाहा. घरचे मायेपोटी गुडघ्याखाली उशी देतात. पेशंटला बरं वाटतं, पण तासन् तास वाकलेल्या स्थितीत राहिलेला गुडघा पुढे पूर्ण सरळच होत नाही आणि माणूस कायमचा लंगडत चालतो. उशी टाचेखाली हवी, म्हणजे गुडघा आपल्याच वजनाने सरळ होत जातो.

वाकण्याचं माप गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या दोन पट्ट्यांच्या साधनाने, घेतात. त्याचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर, एक पट्टी खुब्याच्या उंचवट्याकडे आणि दुसरी बाहेरच्या घोट्याकडे. खुर्चीत नीट बसण्या-उठण्यासाठी साधारण 90 अंश लागतात. पेशंट 70 अंशांवर अडकला तर कारण शोधावं लागतं: सूज आहे, भीती आहे, की आत चिकटपणा आलाय? तिन्हींचे उपाय वेगळे, आणि हा फरक ओळखायलाच शिक्षण लागतं.

पॅथॉलॉजी, मेडिसिन, सर्जरी कशाला, असंही मनात येत असेल. कंबरदुखी म्हणून आलेल्या पेशंटला लघवी होईनाशी झाली असेल, किंवा जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला असेल, तर मणक्यातल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची शंका घ्यावी लागते. तिथे व्यायाम देत बसायचं नसतं, त्याच तासाला सर्जनकडे पाठवायचं असतं. हे ओळखू न शकणाऱ्याच्या हाती पेशंट देऊ नये. मुलीचा हट्ट चांगला आहे.

प्रवेश कसा मिळतो? किती वर्षं लागतात? कॉलेज निवडताना काय पाहावं?
— विद्यार्थी, चाळीसगाव

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. राज्यात नीट-यूजीच्या गुणांवर सीईटी सेलमार्फत कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या होतात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा चालत आलेला अभ्यासक्रम चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप असा आहे. फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांसाठीच्या केंद्रीय आयोगाने (एनसीएएचपी) 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप धरून पाच वर्षं आहेत. तुझ्या बॅचला कोणता लागू आहे ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

सरकारी आणि महापालिकेच्या जागा थोड्या आहेत. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही नावं पसंतीक्रमात आधी टाकावीत. तिथे फी कमी असते आणि पेशंट भरपूर असतात. खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. कॉलेजने तोंडी सांगितलेला आकडा तिच्याशी ताडून पाहा. घरात बहीण याच वाटेवर असेल तर हेही सांग: आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्याने 2024 मध्ये घेतला. अभिमत विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोटा त्यात येत नाहीत.

कॉलेज पाहायला कामाच्या दिवशी सकाळी अकराला जा. इमारत पाहू नकोस, ओपीडी पाहा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना तीन गोष्टी विचार: रोज स्वतः किती पेशंट हाताळता, आयसीयूत पोस्टिंग मिळतं का, आणि न्यूरोचे, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंच्या आजारांचे, पेशंट याच रुग्णालयात असतात की कुठे पाठवतात? चकचकीत लॅब आणि रिकामी ओपीडी असेल तर तिथून परत फिर. स्नायूचं बळ आणि सांध्याची ताठरता पुतळ्यावर कळत नाही.

मी कबड्डी खेळतो. गुडघ्याचं लिगामेंट तुटून ऑपरेशन झालं, तेव्हापासून स्पोर्ट्स फिजिओ व्हायचं ठरवलंय. सरळ तोच कोर्स करता येईल का?
— विद्यार्थी, इचलकरंजी

आधी बीपीटीच करायची. स्पोर्ट्स हा पुढे दोन वर्षांच्या एमपीटीत, म्हणजे पदव्युत्तर पदवीत, घेता येणारा विषय. तोपर्यंत न्यूरो, हृदय-फुप्फुस, बालरोग सगळं शिकावं लागेल आणि ते वाया जात नाही. मैदानावर डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला पुन्हा आत सोडायचं की नाही, हे न्यूरोच्या ज्ञानावरच ठरतं.

टीव्हीवर दिसणारं, फवारा घेऊन धावत जाणं हा या कामाचा अगदी छोटा भाग. बाकी सगळे महिने जिममध्ये आणि वहीत जातात. तुझ्याच गुडघ्याचं पाहा. लिगामेंट बदलल्यावर साधारण नऊ महिन्यांच्या आत खेळात परतलेल्यांमध्ये पुन्हा दुखापतीचा धोका जास्त दिसून आला आहे. नुसते महिने मोजूनही भागत नाही. ऑपरेशन झालेल्या पायाच्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के भरली पाहिजे, एका पायावरच्या उडीचं अंतरही तसंच. कबड्डीत पकड सोडवताना गुडघा पिळला जातो, त्यामुळे दिशा बदलण्याचा सराव वेगळा लागतो. खेळाडू, कोच, घरचे सगळे सहाव्या महिन्यातच ‘आता बरा आहे की’ म्हणतात. त्या वेळी आकडे पुढे ठेवून ‘अजून नाही’ म्हणायचं धैर्य हे या शाखेतलं निम्मं काम आहे. तू त्या बाजूने गेला आहेस, म्हणून खेळाडूची घाई तुला समजेल. तिला बळी मात्र पडू नकोस.

नावाआधी ‘डॉ.’ लावता येतं का? आणि पैसे मिळतात का?
— विद्यार्थिनी, पनवेल

2025 मध्ये केंद्रीय आयोगाच्या अभ्यासक्रमाने आधी ‘डॉ.’ आणि नंतर ‘पीटी’ अशी मुभा दिली. सप्टेंबरमध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याविरुद्ध पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. दोन अक्षरांसाठी कोर्स निवडू नकोस. राज्याच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी) कौन्सिलची नोंदणी मात्र प्रॅक्टिससाठी लागतेच.

पैशांचं सरळ सांगतो. लहान क्लिनिकमधल्या पहिल्या नोकरीचा पगार बहुतेकांना निराश करतो. स्वतःच्या कामातही कमाई तासांना बांधलेली असते. घरी जाऊन उपचार करायचे तर पेशंटला 45 मिनिटं, प्रवासाला 25. सहा पेशंटांत सात तास गेले. यापुढे कमाई वाढते ती हातातल्या कौशल्याने आणि एखाद्या विषयातल्या नावाने. पहिल्याच वर्षी कर्ज काढून महागडी मशीन घेणं ही नेहमीची चूक. एक चांगला पलंग, मॅट, वेट कफ, रबरी पट्टे, गोनिओमीटर आणि एक टेन्स (दुखणं कमी करणारं करंटचं) मशीन यावर सुरुवात होते.

परदेशाचं अनेकांनी विचारलंय म्हणून इथेच: ब्रिटनमध्ये एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी लागते. अमेरिकेत पदवीची छाननी, एनपीटीई ही फिजिओथेरपीची राष्ट्रीय परीक्षा आणि त्या राज्याचा परवाना लागतो. छाननीत विषयवार तास पाहतात, म्हणून अभ्यासक्रमाच्या प्रती आणि क्लिनिकल तासांची नोंद पहिल्या वर्षापासून जपून ठेवा.

माझी उंची पाच फूट, अंगकाठी बारीक. पेशंट उचलता येतील का? याच भीतीने थांबले आहे.
— विद्यार्थिनी, सावंतवाडी

येतील, कारण बहुतेक वेळा उचलायचं नसतंच. पेशंटने स्वतः उठावं अशी परिस्थिती तयार करायची असते.

लकव्याच्या पेशंटला आधी कॉटच्या कडेला दोन-तीन मिनिटं बसव आणि बीपी बघ. बसल्यावर वरचा आकडा 20 ने उतरला किंवा चक्कर आली, तर उभं करायची घाई नको. पलंगाची उंची वाढव, उंच जागेवरून उठायला कमी जोर लागतो. पेशंटला कडेपर्यंत पुढे सरकव, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घे. तू दुबळ्या बाजूला उभी राहा आणि आपल्या गुडघ्यांनी त्याचा दुबळा गुडघा समोरून अडव, म्हणजे तो मुडपणार नाही. कमरेच्या पट्ट्याला धर. मग त्याला पुढे वाकायला सांग, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. तिथे वजन पावलांवर येतं आणि बूड आपोआप सुटं होतं. बहुतेक पेशंट मागे झुकून उठू पाहतात, म्हणून जड लागतात.

बगलेत हात घालून वर ओढणं किंवा दुबळा हात धरून खेचणं अजिबात नको. खांद्याला धरून ठेवणारे स्नायू ढिले पडलेले असतात, त्या ओढण्याने सांधा खाली सरकतो आणि पुढचे कित्येक महिने दुखत राहतो. खूप वजनदार किंवा अजिबात साथ न देणारा पेशंट असेल तर दुसऱ्याला हाक मारायची. सहा फुटी मुलांनीही तेच करायचं असतं, नाहीतर पेशंटआधी त्यांचीच कंबर जाते. फॉर्म भर.